म्हणतातसरांचं राहिलेलं रीडिंग

फिजिक्स शिकवताना निम्म्या वाक्यांच्या शेवटी ‘असं म्हणतात’ जोडणारा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण नऊ पूर्णांक आठ, हे ते ठणकावून सांगायचे, कारण लंबक टांगून ते त्यांनी स्वतः मोजलं होतं. तारेचा रोध, पाण्याचा पृष्ठताण, काचेचा अपवर्तनांक, यांच्यापुढेही थेट पूर्णविराम. पण प्रकाशाच्या वेगापाशी आले की आवाज एक पायरी खाली उतरायचा. ‘‘सेकंदाला तीन लाख किलोमीटर, असं म्हणतात.’’ अणूच्या पोटात केंद्रक असतं, असं म्हणतात. इलेक्ट्रॉन कधी कणासारखा वागतो, कधी लहरीसारखा, असं म्हणतात. पहिल्या वर्षाची पोरं खाली मान घालून हसायची आणि दुसऱ्या वर्षापर्यंत सरांचं वेळापत्रकावरचं आडनाव विसरून जायची. कॉलेजात ते म्हणतातसर होते, आणि हे त्यांना ठाऊक होतं असं मला वाटतं.

एकदा तपासणीला आलेल्या समितीसमोरही त्यांनी हेच केलं. समितीतले एक गृहस्थ जरा चिडून म्हणाले, ‘‘अहो, पुस्तकात आहे ना ते?’’ सर म्हणाले, ‘‘पुस्तकात आहे. म्हणूनच तर ‘म्हणतात’ म्हणालो.’’ प्राचार्यांनी नंतर त्यांना बोलावून घेतलं. काय बोलणं झालं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात काही बदल झालेला नव्हता.

आमचं कॉलेज देवळाली कॅम्पच्या अलीकडे. दुपारी तिकडे तोफांचा सराव सुरू झाला की लॅबच्या खिडक्यांची तावदानं थरथरत. बाकी कुणाला त्याचं काही नसे, पण सरांचा बायप्रिझमचा प्रयोग त्याच वेळी लागलेला असायचा. सोडियमच्या पिवळ्या दिव्याचा उजेड एका बारीक फटीतून आणि चपट्या प्रिझममधून पुढे जायचा, आणि भिंगाला डोळा लावला की काळ्यापिवळ्या रेघा दिसायच्या. प्रकाश लहरींचा बनलेला आहे हे सांगणाऱ्या रेघा. तोफ उडाली की त्या विरघळून जात. सर लगेच हात वर करायचे. ‘‘फायरिंग आहे. हात काढा. त्यांना सावरू द्या.’’ मग आम्ही आठदहा जण अंधाऱ्या खोलीत गप्प उभे राहायचो. एवढ्या काळजीने घरच्या आजारी माणसासाठीही कुणी थांबत नसेल. सर स्वतः मात्र त्या वेळात अगदी सुखी दिसायचे.

जर्नलमध्ये आम्ही रीडिंग शिजवायचो. म्हणजे उत्तर आधी सिनियरच्या जर्नलमधून घ्यायचं आणि त्यावरून उलट हिशोब करत रीडिंग भरायची. ही विद्या कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातच शिकवली जाते. सर असं रीडिंग पकडायचे, पण रागवायचे नाहीत. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे, ‘फार चांगले.’ मला हा शेरा पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी तो आईला दाखवला होता. आईने शेजारी सांगितलं. महिन्याभराने कळलं की ‘फार चांगले’ म्हणजे पुन्हा करा, आणि तेही लाज बाळगून.

सर सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत, अठरा वर्षांच्या मुलींनासुद्धा, आणि आडनावाने हाक मारत. मी देवरे. त्यांच्या घराविषयी आम्हाला एवढंच माहीत होतं की सर कॅम्पात दोन खोल्यांत राहतात आणि काकू बागलाणात, नामपूरला. काकू तिथल्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांची बदली इकडे झाली नाही, सरांची तिकडे होण्यासारखं कॉलेज नव्हतं, आणि नोकरी सोडायचा विषय दोघांनीही कधी काढला नसावा. भांडण असं काही नव्हतं. रविवारी सकाळी फोन, दिवाळीत आणि मेमध्ये एकत्र. सर निवृत्त झाले की एकत्र राहायचं ठरलेलं होतं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी काकू गेल्या. सर मग कॅम्पातच राहिले.

बाकीचं हे सगळं मला फार नंतर कळलं. मी शिकून पुण्याला गेले, सॉफ्टवेअरच्या नोकरीत बारा वर्षं काढली आणि घरून काम करायची सोय झाल्यावर नाशिकला परत आले. एकटीच आले. कारणं सांगत बसत नाही. गंगापूर रोडला फ्लॅट, त्यात मी, दोन स्क्रीन आणि दिवसभर कानाला लावलेले हेडफोन. बोलणं पुष्कळ व्हायचं, पण माझ्याशी कुणी बोललं असं संध्याकाळी आठवून पाहिलं तर सापडायचं नाही.

सर भेटले ते डोळ्यांच्या दवाखान्यात. मी चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. काउंटरवर नाव सांगितलं तसा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘देवरे? व्हर्नियरची शून्य त्रुटी विसरणाऱ्या?’’ वळून पाहिलं तर सर. अंगाने निम्मे झालेले, पण शर्टाच्या खिशात अजून पेन्सिल. काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेला, डाव्याने मधलं तेवढं दिसायचं, कडेचं सगळं गेलेलं. ‘‘नळीतून पाहिल्यासारखं दिसतं,’’ ते म्हणाले. ‘‘मायक्रोस्कोपची सवय आहे म्हणून चालून जातं.’’ मग मी काय करते ते विचारलं आणि मी सांगितल्यावर जरा पुढे वाकून, अर्धा किलो पेरू मागावेत तसं म्हणाले, ‘‘कॉम्प्युटरमध्ये आहात, तर दोन क्युबिट मिळतील का?’’

परदेशातल्या एका कंपनीने आपला क्वांटम कॉम्प्युटर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या चालीने वागणाऱ्या क्युबिट नावाच्या सूक्ष्म घटकांवर चालणारं यंत्र, इंटरनेटवरून कुणालाही वापरायला ठेवला आहे, महिन्याला थोडी मिनिटं फुकट, हे सरांनी रेडिओवर ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. चौतीस वर्षं त्यांनी दोन गोष्टी ‘असं म्हणतात’ करून शिकवल्या होत्या, कारण त्या मोजायला लागणारं यंत्र नाशिक जिल्ह्यात नव्हतं. एक, कण आणि लहर यांचं ते दुहेरी वागणं. दुसरी, एकदा एकमेकांत गुंतलेले दोन कण लांब नेऊन वेगवेगळे मोजले तरी त्यांची उत्तरं जुळतात ती. ‘‘डोळा आहे तोवर स्वतः रीडिंग घ्यायचं आहे,’’ सर म्हणाले. ‘‘मग ती दोन वाक्यं मला नीट म्हणता येतील.’’ ऐकायला कोण आहे, असा प्रश्न माझ्या मनात आला. त्यांच्या मनात तो नव्हता.

त्यानंतर रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन कॅम्पात जाऊ लागले. त्यांच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि भिंतीला लावलेली एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर मी बसायला लागेपर्यंत वर्तमानपत्रं बसत होती. स्क्रीनचा उजेड त्यांना सहन होत नसे. मी आकडे वाचायचे आणि ते मोठ्या भिंगाखाली, जाड स्केचपेनने, बोटभर अक्षरात वहीत उतरवायचे. प्रत्येक आकडा मला दोनदा वाचायला लावत. ‘‘विश्वास नाही म्हणून नव्हे,’’ म्हणत, ‘‘पद्धत म्हणून.’’

पहिली गोष्ट महिन्याभरात झाली. एका क्युबिटला दोन वाटांवर एकदम सोडायचं, एका वाटेला थोडं थोडं वळण देत जायचं, मग दोन्ही वाटा जुळवून मोजायचं. वळण वाढवत नेलं तसे आकडे चढले, उतरले, पुन्हा चढले. सरांनी आलेखाच्या कागदावर ठिपके काढून बोट फिरवलं. ‘‘या आपल्याच रेघा आहेत, देवरे. बायप्रिझमच्या.’’ मग दुसरा क्युबिट जोडून तो कुठल्या वाटेने गेला याची नोंद घ्यायला लावली, आणि चढउतार सगळा मोडून आकडे सपाट झाले. सर खूप दिवसांनी हसले असावेत. ‘‘कोणीतरी हजेरी घेतंय म्हटल्यावर पठ्ठ्या सरळ चालायला लागला.’’ थोड्या वेळाने रस्त्याकडे तोंड करून ते म्हणाले, ‘‘तो लहरीसारखा वागतो, आणि वाट विचारली की कणासारखा.’’ मी पुढच्या दोन शब्दांची वाट पाहत राहिले. ते आले नाहीत.

याच सुमारास शेजारचे एक निवृत्त सुभेदार येऊन बसले आणि सगळं ऐकून म्हणाले, ‘‘सर, म्हंजे हे नवराबायकोच्या जिवासारखंच झालं की. एक हितं, एक तिकडं, तरी कळतंय एकमेकांचं.’’ मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, काकूंची आठवण निघेल. सर शांतपणे म्हणाले, ‘‘जिवाचं रीडिंग घेता येत नाही, सुभेदार. चहा घ्या.’’

दुसरी गोष्ट अवघड होती. सरांनी ती मला लॅबच्या भाषेत समजावली होती. दोन मुलं बाहेर ठरवून परीक्षेला आली तर त्यांची उत्तरं जुळणारच. पण नुसतं ठरवून किती जुळतील याला मर्यादा आहे. चार रीतींनी मोजायचं, चार आकड्यांची बेरीज करायची. बेरीज दोनच्या आत राहिली तर ती पोरं ठरवून आलेली. दोनच्या वर गेली तर ठरवाठरवीने ते होणारच नाही, त्यांच्यात दुसरंच काही आहे. शहाण्या माणसाला पटू नये असं. ‘‘दोनच्या वर, असं म्हणतात,’’ सर म्हणाले.

आमची बेरीज आली एक पूर्णांक त्र्याण्णव. यंत्रात खडखड फार असते, आजूबाजूच्या जराशा उबेनेही क्युबिटची घडी विस्कटते, हे मी त्यांना सांगितलं. ‘‘म्हणजे तिथेही फायरिंग चालूच असतं,’’ असं म्हणून त्यांनी आकडा वहीत लिहिला, खाली तारीख टाकली. पुढच्या रविवारी एक पूर्णांक सत्त्याण्णव. चूक माझी होती. त्या यंत्रात सगळे क्युबिट एकमेकांना जोडलेले नसतात, आणि मी घाईत एकमेकांपासून लांबचे दोन निवडत होते. पण हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा एवढंच कळत होतं की सरांचे आकडे ओळ सोडून उतरायला लागले आहेत. एका रविवारी त्यांनी कपाऐवजी बशीशेजारी टेबलावरच चहा ओतला आणि मला दिसलं नसेल असं समजून फडक्याने पुसून घेतला. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासाठी उन्हाळ्यापर्यंतची भाषा केली होती.

त्याच्या पुढच्या रविवारी मी ती गोष्ट केली. यंत्राच्या रांगेत आमचं काम अडकून बसलं होतं. दोन तास झाले, आणि अजून तेवढेच लागतील असं स्क्रीनवर दिसत होतं. सर हातात स्केचपेन धरून, टोपण काढून, तसेच बसले होते. त्या वेबसाइटवर खऱ्या यंत्राच्या यादीखाली नकली यंत्रही असतं. म्हणजे साधाच कॉम्प्युटर, क्वांटम यंत्राचं गणित बिनचूक करून दाखवणारा. तिथे रांग नसते. मी ते निवडलं. वाचलं, ‘‘पॉइंट सात एक. पॉइंट सात शून्य. पॉइंट सात एक. पॉइंट सात एक.’’ दोनदा वाचलं, पद्धत म्हणून.

सरांनी बेरीज केली. दोन पूर्णांक त्र्याऐंशी. पेन खाली ठेवलं. वीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून पुस्तकी मराठीखेरीज दुसरं काही ऐकलं नव्हतं. फक्त नामपूरहून भावाचा फोन आला की ते अहिराणी बोलत. त्या दिवशी ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘हाई खरं शे.’’ मग उठून, भिंतीला हात लावत, आतून खारी बिस्किटांचा डबा घेऊन आले आणि मला एकेक करून चार खायला लावली. मी मनाला सांगत होते की कुणाचं काय बिघडलं. जगात कितीतरी प्रयोगशाळांत हे सिद्ध झालेलं आहे. मी फक्त एका म्हाताऱ्या माणसाला दोन तास लवकर मोकळं केलं होतं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास माझी बेल वाजली. दारात सर. कॅम्पातून एक बस, मग नाशिकरोडहून दुसरी, आणि स्टॉपवरून विचारत विचारत चालत, त्या नळीएवढ्या डोळ्याने. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. आत यायच्या आधीच ते म्हणाले, ‘‘देवरे, ते फार चांगलं होतं.’’

मी त्यांना आत घेतलं. त्यांनी पाणी घेतलं, बसले, आणि काखेतली वही उघडून आकड्यांवर बोट ठेवलं. ‘‘चौघेही एकसारखे. एकालाही खोकला नाही, शिंक नाही. आधीचे बघा, कसे धडपडलेले आहेत. यंत्र एवढं शहाणं कधीपासून झालं?’’ मी सांगून टाकलं. रडलेही. त्यांनी ते होऊ दिलं. मग म्हणाले, ‘‘तुम्ही माझ्यावर दया केलीत. मला कळतं ते. पण मी चार दिवस ते वाक्य एकटाच मोठ्याने म्हणून बघत होतो हो.’’ हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं.

‘‘पुन्हा घेऊ,’’ ते उठताना म्हणाले. पण महिन्याची फुकट मिनिटं आधीच्या फसलेल्या फेऱ्यांत संपली होती आणि नवीन महिना यायला अठरा दिवस होते. मी स्कूटरवरून सोडते म्हटलं, ते नको म्हणाले. स्टॉपपर्यंत मात्र मला बरोबर येऊ दिलं. बस आली तेव्हा पाटी त्यांना वाचता आली नाही. मी शेजारी उभी होते, मला विचारता आलं असतं. त्यांनी कंडक्टरला विचारलं.

त्या अठरा दिवसांतच डावा डोळाही गेला. धाकटा भाऊ येऊन सरांना नामपूरला घेऊन गेला. मला निरोप आला तो त्याच्याचकडून. ‘‘ताई, दादाले आते दिसत नई. उजेड तेवढा समजस. तुमना नंबर त्यासनीच दिन्हा.’’ काकूंचं घर बंद होतं. सर भावाकडे राहिले, कांदे साठवायच्या चाळीला लागून असलेल्या खोलीत.

नवीन महिना लागला तशी मी सुट्टी टाकून बसले. या वेळी यंत्राचा नकाशा नीट वाचला, शेजारशेजारचे, त्या दिवशी सगळ्यांत कमी चुकणारे दोन क्युबिट घेतले आणि तसं लिहून ठेवलं. पाच तास रांगेत गेले. आकडे आले. मी ते तीनदा तपासले आणि मग नामपूरला फोन लावला. भावाने फोन सरांच्या हातात दिला. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

‘‘सर, आलं. वाचते,’’ मी म्हटलं. ‘‘पॉइंट सहा एक. पॉइंट पाच नऊ. पॉइंट सहा तीन. पॉइंट सहा शून्य.’’ दोनदा वाचलं. त्यांनी तोंडी बेरीज केली, मला सांगावी लागली नाही. ‘‘दोन पूर्णांक त्रेचाळीस.’’

‘‘हो सर. आणि क्युबिट निवडून घेतलेत, तेही लिहिलंय.’’

‘‘तेही लिहायला हवं,’’ ते म्हणाले. ट्रॅक्टर लांब गेला. ‘‘देवरे, यंत्राचं आहे ना?’’

‘‘यंत्राचंच आहे, सर.’’ माझा आवाज मलाच खोटा वाटला. मी घाईघाईने म्हटलं की स्क्रीनचा फोटो पाठवते, त्यावर यंत्राचं नाव आहे, वेळ आहे, भाऊ वाचून दाखवतील.

‘‘नको,’’ सर म्हणाले. ‘‘तेही कुणीतरी वाचूनच दाखवणार.’’ आणि मग अगदी मऊ आवाजात, मी चहा सांडलेला न पाहिल्यासारखं केलं होतं तितक्याच समजुतीने ते म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणता, तर असेल.’’

पुढे त्यांनी नाशिकला ऊन किती आहे ते विचारलं, जेवण वेळेवर करते का विचारलं, आणि फोन भावाकडे दिला. श्रावणात सर गेले. मी ते रीडिंग त्यानंतरही कितीतरी वेळा घेतलं आहे. दर वेळी ते दोनच्या वर येतं, कधी थोडं, कधी चांगलं. ते खरं आहे, याची मला आता शंका उरलेली नाही. पण ज्यांना ते हवं होतं त्यांच्यापर्यंत ते न्यायला शेवटी माझ्या शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि तो मी एका रविवारी दुपारी, दोन तास वाचवायला, खर्च करून बसले होते.